चौकटीबाहेरचा माणूस

५ मार्च १९६०, हवाना. आदल्या दिवशी बंदरात ‘ला कूब्र’ जहाजावर झालेल्या स्फोटातील मृतांची शोकसभा. छायाचित्रकार आल्बेर्तो कोर्दा यांनी व्यासपीठावरील चे गव्हेरा यांना टिपले.

मूळ छायाचित्र आडवे आहे. एका कडेला पत्रकार होर्हे मासेत्ती, दुसऱ्या कडेला ताडाच्या झावळ्या. कोर्दांनी दोन्ही कडा कातरल्या आणि स्थळकाळापासून सुटलेला एकच चेहरा उरला. शोकसभा चौकटीबाहेर गेली. चेहरा जगभरच्या भिंतींवर झळकला.

१९६४ मध्ये मासेत्ती अर्जेंटिनाच्या जंगलात, गनिमी लढ्यात बेपत्ता झाले. त्या लढ्याची आखणी चे यांचीच होती.

मित्रहो, गाजलेले छायाचित्र पाहताना एवढे अवश्य विचारावे: कातरलेल्या कडेला कोण उभे होते?