धरणाखालची माणसे
धरणाची श्रेणी त्याच्या आकारावरून ठरते, हा समज अपुरा आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टोकोआ येथे केली बार्न्स हे सुमारे 40 फूट उंचीचे मातीचे धरण एका खासगी महाविद्यालयाच्या मालकीचे होते. 1957 नंतर तेथील वीजनिर्मिती थांबली. तलाव तेवढा उरला. 6 नोव्हेंबर 1977 रोजी अतिवृष्टीनंतर, मध्यरात्र उलटल्यावर ते फुटले आणि खालच्या महाविद्यालयीन वसाहतीतील 39 जीव गेले. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी बिगर-संघीय धरणांच्या तपासणीचा आदेश दिला. 1978 मध्ये जॉर्जियाने कायदा केला. त्यातील पहिली श्रेणी धरण दुबळे आहे असे म्हणत नाही; फुटल्यास मनुष्यहानी संभवते, एवढेच सांगते. म्हणूनच भिंत तीच राहिली, तरी तिच्या वाटेत एक घर उभे राहताच मालकाचे दायित्व बदलते.