वाचून कोण दाखवणार? वऱ्हाड आणि अंधांचा हक्क

मंडळी, वऱ्हाडात अंधांचा विषय निघाला की पहिलं नाव येतं गुलाबराव महाराजांचं. 1881 साली अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीला त्यांचा जन्म झाला. वर्षाचेही झाले नव्हते तेव्हा दृष्टी गेली. 1915 मध्ये ते वारले, म्हणजे आयुष्य जेमतेम 34 वर्षांचं. तेवढ्यात त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले, वेदान्त मांडला, डार्विन आणि स्पेन्सर यांची मतंही तपासली. आपण त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतो, हात जोडतो आणि थांबतो.

मला पुढचं विचारायचं आहे. माधानच्या या शेतकरी घरातल्या माणसापर्यंत ग्रंथ पोचले कसे? कोणीतरी वाचून दाखवलं. ते सांगत गेले, कोणीतरी लिहून घेतलं. बुद्धी त्यांची अलौकिक होतीच. पण वाचक आणि लेखनिक नसते तर आपल्या हाती काय आलं असतं? त्यांना ही साथ भक्तीपोटी मिळाली. त्याच काळात गावोगावच्या इतर अंध मुलांजवळ बसून वाचणारं कोण होतं?

पुढे मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाकडे वाढलेल्या गाडगेबाबांनी आपल्या दशसूत्रीत अंध, पंगू, रोगी यांना औषधोपचार हे कलम घातलं. देवाला वाहायचं ते या माणसांकडे वळवा, असा त्याचा अर्थ. दयेचं त्यांनी कर्तव्य केलं. तरी देणाऱ्याची इच्छा सुटली नव्हती.

ती सुटते कायद्यानं. 1951 मध्ये भारतीय भाषांसाठी समान भारती ब्रेल ठरली. अंध उमेदवारांना नागरी सेवा परीक्षा ब्रेलमध्ये किंवा लेखनिक घेऊन देता यावी, हे मात्र 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जाऊन मिळवावं लागलं. मागणारी संघटना अंधांचीच होती, हे लक्षात घ्या. 2016 च्या कायद्यात परीक्षेला जादा वेळ आणि लेखनिक आला. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना किमान 4 टक्के जागा आल्या, त्यांतला 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी.

आता अचलपूरजवळच्या वझ्झरला या. शंकरबाबा पापळकरांनी तिथं बेवारस, दिव्यांग मुलं वाढवली. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तिथं वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली. शंकरबाबांची मागणी मात्र जुनीच आहे: 18 वर्षं पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना बालगृहातून बाहेर काढू नका, त्यासाठी कायदा करा. इतकं करून दाखवलेला माणूसही कायदाच मागतो, कारण आपल्यामागं या मुलांचं काय, हे त्याला दिसतं.

म्हणून घरी गेल्यावर एवढं करा. आपल्या तालुक्यातल्या शाळेत यंदा एखाद्या अंध मुलाला लेखनिक लागणार असेल, तर तो शाळा मिळवून देते की त्याची आई दारोदार फिरते, हे विचारून या.