मत्स्यतलाव, दक्षिण बोहीमियातील

मत्स्यतलाव, दक्षिण बोहीमियातील : बोहीमियाच्या (सध्या चेक प्रजासत्ताकाचा भाग) दक्षिण भागातील जमीनदार घराण्यांनी आपल्या खासगी जमिनीवर मुख्यत्वे पंधराव्या-सोळाव्या शतकांत बांधलेले मत्स्यसंवर्धनाचे तलाव. त्यांपैकी त्रेबोन नगराच्या परिसरातील रोझंबेर्क घराण्याचे तलाव विशेष प्रसिद्ध आहेत.

हा प्रदेश सखल व दलदलीचा असून धान्याच्या पिकास फारसा अनुकूल नव्हता. चर्चने नेमून दिलेल्या उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य, पण मासे चालत. त्यामुळे मासळीला निश्चित गिऱ्हाईक होते. कार्प मासा काटक असल्याने तो जिवंत स्थितीत दूरच्या बाजारापर्यंत नेता येई. साहजिकच पडीक दलदलीपेक्षा तलाव अधिक उत्पन्न देऊ लागला. ओलोमोऊत्सचा बिशप डुब्राव्हिअस याने मत्स्यतलावांवर लिहिलेला लॅटिन ग्रंथ १५४७ मध्ये प्रसिद्ध झाला.

उथळ दरीच्या तोंडाशी मातीचा बांध घालून तलाव तयार करीत. बांधाच्या तळाशी पाणी सोडण्यासाठी लाकडी नळ बसवीत व माथ्यावर ओकची झाडे लावीत. अंडी घालण्यासाठी, पिलांच्या वाढीसाठी व पूर्ण वाढीसाठी वेगवेगळे तलाव असत. विक्रीयोग्य मासा तयार होण्यास तीन ते चार वर्षे लागत. नंतर शरद ऋतूत नळ उघडून तलाव रिता करीत आणि बांधालगतच्या खोलगट भागात गोळा झालेले मासे जाळ्यांनी काढीत.

श्टेपानेक नेतोलित्स्की याने सु. १५०६–२० या काळात सु. ४८ किमी. लांबीचा ‘झ्लाता स्तोका’ (सोनेरी कालवा) खोदून लुझनित्से नदीचे पाणी अनेक तलावांना पुरविले. पुढे व्हिलेम रोझंबेर्कचा कारभारी याकुब क्रचीन (१५३५–१६०४) याने याहून मोठी कामे केली. १५७१ मध्ये आरंभिलेल्या ‘स्व्येत’ तलावासाठी त्रेबोनचे एक उपनगर पाडावे लागले. नागरिकांचा विरोध होता. तलावाला प्रारंभी ‘कृतघ्नता’ या अर्थाचे नाव मिळाले होते. खोदकाम मुख्यतः मजुरी घेणाऱ्या टोळ्यांनी केले, तथापि कुळांची वेठही वापरली गेली. लोककथांतील क्रचीन सैतानाशी संधान बांधणारा आहे, यावरून त्याच्या कामांविषयीच्या लोकभावनेची कल्पना येते.

खासगी तलावाचा खरा प्रश्न हद्दीबाहेरच्या पाण्याचा असतो. उत्पन्न मालकाचे, बांध फुटल्यास नुकसान मात्र खालच्या गावांचे. रोझंबेर्क तलाव (१५८४–९०) प्रत्यक्ष लुझनित्से नदीवर असल्याने हा धोका मोठा होता. म्हणून क्रचीनने त्याच सुमारास ‘नोव्हा ऱ्येका’ (नवी नदी) हा सु. १३ किमी. लांबीचा कालवा खोदून पुराचे पाणी नेझार्का नदीकडे वळविले. बांधाची लांबी सु. २·४ किमी. असून तलावाचे सध्याचे क्षेत्र सु. ४९० हेक्टर आहे. ऑगस्ट २००२ मधील महापुरात तलावात नेहमीच्या कितीतरी पट पाणी साठले, तरी बांध टिकला आणि पुराचा लोंढा थोपविण्यास त्याची मदत झाली.

१६११ मध्ये रोझंबेर्क घराणे निर्वंश झाले. तीस वर्षांच्या युद्धानंतर (१६१८–४८) तलावांना उतरती कळा लागली व पुढे अनेक तलाव शेतीसाठी कोरडे करण्यात आले. १६६० मध्ये त्रेबोनची मालमत्ता श्वार्झेनबेर्क घराण्याकडे आली. एकोणिसाव्या शतकात योझेफ शुस्ता (१८३५–१९१४) याने कार्पसंवर्धनास शास्त्रीय वळण दिले. १९४७ मध्ये खास कायद्यान्वये ही मालमत्ता राज्याकडे गेली. १९७७ मध्ये युनेस्कोने या परिसरास जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. मालक बदलले, तरी बांध व कालवे यांची एकत्रित देखभाल अखंड राहिल्यामुळेच चारशेहून अधिक वर्षांपूर्वीचे हे तलाव आजही मासळी देतात.