पोहणाऱ्या श्वानासाठी मुसके निवडताना
साताऱ्याजवळील संगम माहुली असो वा सांगलीचा कृष्णाकाठ, श्वानाला पाण्यात उतरविण्यापूर्वी त्याचे मुसके पारखून घ्यावे. श्वान मुख्यतः धापा टाकूनच शरीरातील उष्णता बाहेर टाकतो. त्यासाठी तोंड उघडणे आवश्यक असते. जबडा आवळणारे कापडी मुसके भिजल्यावर नाकाला चिकटते व श्वास कोंडतो. म्हणून काठावर व उथळ पाण्यात हलके, रुंद छिद्रांचे जाळीदार मुसकेच वापरावे. त्यात तोंड पूर्ण उघडता यावे आणि पट्टा चटकन सुटावा. मात्र जाळीत जलपर्णी अडकू शकते. खोल पाण्यात कोणतेही मुसके निर्धोक नव्हे. तेथे ते काढून, छातीपट्ट्याला लांब दोरी बांधून, चावऱ्या श्वानाला गर्दीपासून दूर, संथ पाण्यातच पोहू द्यावे.