शिक्का कोणाचा, श्रम कोणाचे? हॅकिन्टॉशचा इतिहास आणि आपला धडा

चळवळीच्या लिखाणात कॉम्प्युटरचा इतिहास कशाला, असे काही मित्र विचारतील. आमचे उत्तर सरळ आहे. पूर्वी ज्ञानाच्या दारावर पहारेकरी बसत, आज तिथे लायसन्सचा करार बसला आहे. हे दार कोण बंद करतो, कशाच्या जोरावर करतो आणि चोरवाटेने आत शिरणाऱ्यांचे पुढे काय होते, हे आपल्याला कळले पाहिजे. हॅकिन्टॉशचा इतिहास त्यासाठी वाचायचा.

हॅकिन्टॉश म्हणजे काय? ॲपल कंपनीची मॅक ओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम ॲपलने न बनवलेल्या कॉम्प्युटरवर चालवणे. मग तो दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप असो, नाहीतर बाजारातून सुटे भाग आणून जोडलेला असेम्बल्ड पीसी असो. ‘हॅक’ आणि ‘मॅकिन्टॉश’ मिळून हा शब्द तयार झाला.

पाया कोणी घातला?

मॅक ओएस टेन २००१ साली बाजारात आली. तिचा पाया ॲपलने एकट्याने घातलेला नाही. तिच्या गाभ्यातला ‘माक’ हा भाग अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झाला. ‘बीएसडी’ हा दुसरा भाग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत घडला. या दोन्ही कामांना अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा पैसा होता, म्हणजे तिथल्या करदात्या जनतेचा पैसा होता. या पायावर नेक्स्ट कंपनीने आपली सिस्टीम उभी केली. १९९६ च्या डिसेंबरमध्ये ॲपलने नेक्स्ट विकत घेण्याचा करार केला आणि हा सगळा वारसा ॲपलच्या घरात गेला.

ॲपलच्या इंजिनियरांनी काहीच केले नाही, असे आमचे म्हणणे नाही. वरचा मजला त्यांनी बांधला आणि चांगला बांधला. गाभ्याचा बराचसा कोड ‘डार्विन’ या नावाने त्यांनी खुलाही ठेवला. पण वापरणाऱ्याच्या हाती पडणारी पूर्ण सिस्टीम मात्र बंद राहिली. पायासाठी श्रम अनेकांचे, दारावरची पाटी एकाची. बहुजनांच्या श्रमाचा इतिहास ज्याने वाचला आहे, त्याला ही गोष्ट नवी वाटणार नाही.

दिलेला परवाना परत घेता येतो

एक काळ असा होता की ॲपलने स्वतःच दार उघडले होते. १९९५ पासून पॉवर कॉम्प्युटिंग, रेडियस, यूमॅक्स अशा कंपन्यांना मॅकसारखी मशिने बनवण्याचे परवाने मिळाले. पॉवर कॉम्प्युटिंगची मशिने ॲपलपेक्षा स्वस्त होती आणि काही तर ॲपलपेक्षा वेगवान होती. ॲपलचे ग्राहक तिकडे वळू लागले. १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्स कंपनीत परतले आणि परवान्यांचा हा प्रयोग त्यांनी गुंडाळला. पॉवर कॉम्प्युटिंगचा मॅकचा धंदा ॲपलने सुमारे १० कोटी डॉलरच्या शेअर्सच्या मोबदल्यात ताब्यात घेतला.

दुसऱ्याने दिलेली सवलत त्याच्या सोयीपुरतीच टिकते. तुम्ही त्याच्याहून सरस ठरू लागलात की पहिली कुऱ्हाड त्या सवलतीवर पडते.

तोच प्रोसेसर, तीच मेमरी

तोपर्यंत मॅकचा प्रोसेसरच वेगळा होता. ६ जून २००५ रोजी जॉब्स यांनी जाहीर केले की यापुढे मॅकमध्ये इंटेलचा प्रोसेसर असेल. म्हणजे जो प्रोसेसर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जोडलेल्या साध्या पीसीत असतो, त्याच घराण्यातला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना तयारीसाठी ॲपलने ९९९ डॉलर घेऊन इंटेलची चाचणी मशिने भाड्याने दिली. त्यातली सिस्टीम बाहेर फुटली आणि काही महिन्यांतच जगभरच्या हौशी मंडळींनी ती साध्या पीसीवर चालवून दाखवली.

इथे एक गोष्ट उघडी पडली. इतकी वर्षे मॅक म्हणजे काहीतरी वेगळे, श्रेष्ठ, असे सांगितले जात होते. आता आतला प्रोसेसर सारखा, मेमरी सारखी, हार्ड डिस्क सारखी. मग साध्या पीसीला मनाई कशाच्या आधारावर? लायसन्समध्ये याचे उत्तर लिहिलेले होते. सिस्टीम फक्त ॲपलचा शिक्का असलेल्या मशिनवरच टाकता येईल. मशिनची कुवत किती असावी, हा प्रश्नच त्या अटीत नव्हता. मशिन कोणाच्या घरात जन्मले, एवढेच विचारले होते. ॲपलच्या खोक्यात सफरचंदाचे स्टिकर मिळत, ते पीसीवर चिकटवले की अट पूर्ण झाली का, अशी थट्टा त्या काळी चाले. थट्टा असली तरी वर्मावर बोट ठेवणारी होती.

‘मेरिट’ हा शब्द आपल्या तोंडावर फेकणाऱ्यांनी ही अट वाचावी. गुण सारखे असतानाही शिक्का पाहून दार बंद करता येते. आणि दार बंद करणारा त्याला गुणवत्तेचे रक्षण म्हणतो.

शिक्का तपासण्यासाठी ॲपलने कुलूपही बसवले. सिस्टीमचे काही महत्त्वाचे भाग सांकेतिक रूपात बांधून ठेवले आणि त्यांची किल्ली मॅकमधल्या एका चिपमध्ये ठेवली. ज्या फाइलमधून ही तपासणी होई, तिचे नावच ‘मॅक ओएस टेन चोरू नका’ अशा अर्थाचे होते. किल्लीच्या मजकुरातही, आमच्या कष्टांची चोरी करू नका, अशी विनवणी होती. कष्ट! बर्कली आणि कार्नेगी मेलनच्या कष्टांचे काय, हे त्या मजकुरात नव्हते.

खोटे नाव सांगून प्रवेश

हे कुलूप उघडायचे कसे? उपाय होता सोंगाचा. ‘फेकएसएमसी’ नावाचा एक छोटा प्रोग्राम त्या चिपचे सोंग घेई आणि सिस्टीमने विचारले की किल्ली पुढे करी. सिस्टीम सुरू करून देणारे बूटलोडर तयार झाले. आधी कॅमेलियन, मग क्लोव्हर, आणि शेवटी ओपनकोर. आवाज, नेटवर्क आणि ग्राफिक्ससाठी वेगवेगळे जोडभाग शोधावे लागत. शिवाय मशिनला आपले मॉडेल आणि सिरीयल नंबर खोटे सांगायला शिकवावे लागे. घरात जोडलेला पीसी विचारल्यावर सांगे, ‘मी आयमॅक आहे.’ मगच त्याला आत घेतले जाई.

शहरात खोली भाड्याने घेताना आडनाव चोरावे लागणे काय असते, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. बाबासाहेब १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत त्यांना पारशी नाव नोंदवून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली पारशी मंडळी आली आणि त्यांना बाहेर काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

इथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. जात आणि कॉम्प्युटरचे लायसन्स एका मापाने मोजता येत नाही. मॅक ओएस न मिळाल्याने कोणाचे माणूसपण हिरावले जात नाही. कॉम्प्युटरला अपमान नसतो, माणसाला असतो. पण खोट्या नावावर मिळालेल्या प्रवेशाचे स्वरूप दोन्हीकडे सारखे आहे. तो प्रवेश रोज धास्तीत काढावा लागतो. हॅकिन्टॉश वापरणाऱ्याला प्रत्येक अपडेटच्या वेळी धडकी भरे, उद्या मशिन सुरू होईल की नाही?

तरीही लोक हे का करत होते? सगळेच हौशी नव्हते. आयफोनसाठी ॲप बनवायचे तर एक्सकोड लागते आणि एक्सकोड फक्त मॅक ओएसवर चालते. म्हणजे त्या कामात शिरायचे तर आधी महागडे मॅक घ्या. ज्याच्या घरात तेवढा पैसा नाही, त्याला हॅकिन्टॉश ही एक वाट होती. या वाटेने जाणाऱ्याला चोर म्हणण्याआधी वाट अरुंद कोणी केली, हे विचारले पाहिजे.

कोर्टाने काय सांगितले?

२००८ च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडातल्या सायस्टार या छोट्या कंपनीने मॅक ओएस चालवणारा पीसी ३९९ डॉलरला विकायला काढला. त्याच जुलैमध्ये ॲपलने कोर्टात धाव घेतली. सायस्टारचा बचाव होता की आम्ही सिस्टीमच्या प्रती रीतसर विकत घेतो. शिवाय ॲपल कॉपीराइटचा गैरवापर करून मशिनच्या बाजारावर कब्जा ठेवते. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी ॲपलच्या बाजूने निकाल दिला. २०११ मध्ये अपील कोर्टाने तो कायम केला. कोर्टाच्या मते ॲपल सिस्टीम विकत नव्हती, फक्त वापरण्याचा परवाना देत होती. आणि ज्याला स्पर्धा करायची आहे त्याने स्वतःची सिस्टीम बनवावी, त्याला ॲपलने अडवलेले नाही.

सायस्टारला आम्ही नायक करणार नाही. स्वयंसेवकांनी फुकट वाटलेल्या कामावर तिने धंदा केला, हा आक्षेप त्या स्वयंसेवकांनीच घेतला होता. पण निकालातली दोन वाक्ये गाठीला बांधून ठेवावीत. पैसे मोजूनही वस्तू तुमची होत नाही. आणि हवे असेल तर स्वतःचे उभे करा. पहिले वाक्य मालकशाहीचे आहे. दुसरे वाक्य कोर्टाने ॲपलच्या बचावासाठी वापरले, पण आपण ते आपल्या कामासाठी उचलले पाहिजे.

कोर्टाच्या निकालाने हॅकिन्टॉश थांबले नाही. घराघरात ते चालूच राहिले. त्याची अखेर कायद्याने केली नाही, जमीनच बदलल्याने झाली. २२ जून २०२० रोजी ॲपलने इंटेल सोडून स्वतःचा प्रोसेसर वापरण्याची घोषणा केली. त्याच नोव्हेंबरमध्ये एम१ ची मशिने आली. २०२५ च्या जूनमध्ये सांगितले गेले की ‘टाहो’ ही इंटेल मशिनवर चालणारी शेवटची मॅक ओएस असेल. पंधरा-वीस वर्षे हजारो हुशार माणसांनी रात्री जागवून जी विद्या कमावली, तिचा आधारच मालकाच्या एका निर्णयाने सुटला.

दुसऱ्याच्या दारापासून स्वतःच्या घराकडे

काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला. आपल्या माणसांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, स्वाभिमान कमावला. दार मात्र उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ती पूर्ण केली. त्या सत्याग्रहाने माणसे जागी केली, पण घर दुसरीकडे बांधावे लागले. हॅकिन्टॉशकडे आम्ही याच नजरेने पाहतो. त्याने हजारो मुलांना मशिनच्या पोटात डोकवायला शिकवले. त्या शिक्षणाचे मोल आहे. पण आयुष्यभर दुसऱ्याच्या उंबऱ्यावर कुलूप खटखटवत बसणे ही मुक्ती नव्हे.

कॉम्प्युटरच्या जगात स्वतःच्या घराचा पाया आधीच घातलेला आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या लायसन्सखाली आणला. त्या लायसन्सचा नियम असा की वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा. मात्र बदललेले पुढे वाटताना तोच हक्क समोरच्यालाही द्या. तिथे मशिनचे कुळ कोणी विचारत नाही. केरळने आपल्या सरकारी शाळांत हेच मुक्त सॉफ्टवेअर वापरून दाखवले आहे.

या जगातही इंग्रजीचा दबदबा आहे, मोठ्या कंपन्यांचे वजन आहे, आपली माणसे थोडी आहेत. पण तिथे नियम लिखित आहे आणि तो सर्वांना सारखा आहे. लिखित, समान नियमाची किंमत संविधान मानणाऱ्यांना वेगळी सांगायला नको.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे. वस्तीतल्या विहारात, अभ्यासिकेत पडून असलेले जुने कॉम्प्युटर बाहेर काढा आणि त्यांवर लिनक्स टाका. मुलांना फक्त बटणे दाबायला शिकवू नका, आतले वाचायला शिकवा. मराठी भाषांतराचे, फॉन्टचे, चुका शोधण्याचे काम हाती घ्या, म्हणजे त्या घराच्या भिंतीत आपलीही वीट असेल. खोटे नाव सांगून आत शिरण्याची पाळी पुढच्या पिढीवर येता कामा नये.

जय भीम!