कंकालेश्वराचे बारा छापे

बीडच्या कंकालेश्वराचं मुद्राचित्र करायला बसले, तेव्हा सगळ्यात आधी आकडा ठरवावा लागला. बारा. एरवी लिनोवर एकदा कोरलेलं चित्र जपून ठेवलं तर दहा वर्षांनीही छापता येतं. मी निवडलेल्या पद्धतीत मात्र लिनोचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा कोरून दर वेळी पुढचा रंग छापायचा असतो. पुढचं कोरलं की मागचं गेलं. तेरावी प्रत निघत नाही.

लिनोलियम मुळात जमिनीवर अंथरायची वस्तू. १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी हवेवर घट्ट केलेल्या जवसाच्या तेलात बुचाचा भुगा मिसळून ती बनवली. पाठीला तागाचं कापड. आमच्याकडे जवस म्हणजे चटणी! तेच तेल छापायच्या शाईतही असतं.

स्वस्त आणि मऊ, म्हणून चित्रकारांनी ते उचललं. १९३० साली, दांडीयात्रेच्या दिवसांत, नंदलाल बोस यांनी काठी घेऊन चालणारे गांधीजी लिनोवर कोरले. अंधेरीत राहणाऱ्या चित्तप्रसाद यांनी राबणारी, उपाशी मुलं कोरली. काळंपांढरं, पुष्कळांपर्यंत पोचणारं काम. १९५९च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये पिकासोला प्रत्येक रंगाचा वेगळा ठोकळा जुळवत बसणं नकोसं झालं आणि त्याने एकाच तुकड्यावर सगळे रंग उरकले. त्याच्यामुळे ही पद्धत गाजली. पण लोकांचं माध्यम मोजक्या प्रतींचं झालं, ही कुरबुर काम करताना माझ्या मनात होतीच.

कंकालेश्वर उभं आहे कुंडाच्या मधोमध. देऊळ यादवकाळातलं मानतात. कागदाचा पांढरा राहू द्यायचा तेवढा भाग आधी कोरला: आभाळ आणि पाण्यावरची चमक. मग फिकट पिवळा, बाराही कागदांवर. शाई वाळेपर्यंत थांबायचं, पुन्हा कोरायचं, पाण्याचा हिरवा. मग दगडाचा तपकिरी. चित्र उलटं कोरायचं असल्याने रोज आरसा जवळ. बीडच्या उन्हात लिनो इतका नरम होतो की कोरणी पुढे घसरते. म्हणून पहाटेच बसायचं. शेवटच्या काळ्यासाठी लिनोवर उरल्या त्या फक्त कोनाड्यांतल्या सावल्या आणि दगडांमधल्या फटी. तो तुकडा आता नुसता बघितला तर देऊळ ओळखू येत नाही.

तीन कागद हिरव्याच्या वेळी सरकले. नऊ धड निघाले, ते वाटून संपले. मग मावशीने मागितला. बिघडलेल्यांतला एक तिच्यापुढे ठेवला. त्यात पाणी पार जोत्यावर चढलंय.

"पावसाळ्यातलं काढलंस होय," ती म्हणाली आणि घेऊन गेली.