खरबुजावरच्या बुरशीचं कूळ

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात पत्ता सांगताना लोक अजूनही ‘एच.ए.च्या मैदानापाशी’, ‘एच.ए. कॉलनीच्या अलीकडे’ असं सांगतात. एच.ए. म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत घेऊन सरकारने १९५४ मध्ये ही कंपनी काढली आणि १९५५ पासून पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पुढे आजूबाजूला वस्ती वाढली, वायसीएम रुग्णालय आलं, २०२२ मध्ये मेट्रोही आली. मला मात्र कुळकथा सांगायची आहे ती पेनिसिलिन देणाऱ्या बुरशीची. पिंपरीत पहिलं पेनिसिलिन निघालं त्या सुमारास जगभरच्या कारखान्यांत एकाच घराण्याचं राज्य चालू होतं, आणि त्या घराण्याचा मूळपुरुष होता एक नासलेलं खरबूज.

दारात येऊन वंशावळ सांगणारा हेळवी जसा पणजोबा-खापरपणजोबांपासून सुरुवात करतो, तशीच करू. फ्लेमिंगची १९२८ मधली बुरशी आपण शाळेत शिकलो. पण ती या घराण्यात येत नाही. ती फार तर चुलत घराण्यातली. तिच्यापासून निघणारं पेनिसिलिन इतकं थोडं होतं की एका रोग्याला पुरवायचं तर खोलीभर भांडी मांडावी लागत. युद्ध सुरू झालं. १९४१ मध्ये ऑक्सफर्डचे फ्लोरी आणि हीटली अमेरिकेत पिओरिया या गावच्या सरकारी शेतकी प्रयोगशाळेत आले आणि जास्त दूध देणारी म्हैस शोधावी तसा जास्त पेनिसिलिन देणाऱ्या बुरशीचा शोध सुरू झाला. जगभरातून माती मागवली. बुरशी सापडली ती गावातच, १९४३ मध्ये, एका खरबुजावर. तिला नाव मिळालं एनआरआरएल १९५१. त्यातला १९५१ हा सनाचा आकडा नव्हे, संग्रहातला अनुक्रमांक आहे. वाचणारा हमखास फसतो.

इथपर्यंत निसर्गाचं काम. यापुढची पिढी माणसाने घडवली. कोल्ड स्प्रिंग हार्बरला डेमेरेक यांच्या प्रयोगशाळेत या बुरशीच्या बीजाणूंवर क्ष-किरण सोडले, त्यातून एक्स-१६१२ हा वाण निघाला. तो विस्कॉन्सिन विद्यापीठात गेला. तिथे बॅकस आणि स्टॉफर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला पाऱ्याच्या दिव्याखाली धरलं. त्या दिव्यातून येणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यातून क्यू-१७६ जन्मली, आणि जगातल्या पेनिसिलिन कारखान्यांतले बहुतेक वाण तिचे वंशज आहेत.

या किरणांना आता पाठ्यपुस्तकात अतिनील म्हणतात. वाईला तयार झालेल्या मराठी विश्वकोशातला शब्द मला जास्त आवडतो: जंबुपार. जांभळ्याच्या पार गेलेले. १८०१ मध्ये येना इथे योहान रिटर याने सिल्व्हर क्लोराइड माखलेला कागद वर्णपटात धरला, तेव्हा तो सर्वांत झपाट्याने काळा पडला तो जांभळा रंग संपून जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथे. ‘अतिनील’ म्हटलं की फार निळं काहीतरी असावं असा भास होतो. ‘जंबुपार’मध्ये रिटरचा तो कागद दिसतो.

त्या दिव्याखाली बुरशीचं होतं काय? बीजाणू पाण्यात कालवून उथळ बशीत घ्यायचे, बशी हलती ठेवायची आणि काही मिनिटं दिवा लावायचा. दिव्याची नळी क्वार्ट्‌झची असते, कारण साधी काच हे किरण अडवते. बशीवरचं काचेचं झाकण काढायला विसरलं तर सगळा खटाटोप फुकट. शंभरातले नव्वद-पंचाण्णव, कधी नव्याण्णव बीजाणू मरावेत एवढा मारा करायचा. जे जगतात त्यांतले बहुतेक आईसारखेच, कित्येक आईपेक्षा नादार. हजारात एखादा जरा बरा. तो निवडायचा, वाढवायचा आणि त्याला पुन्हा दिव्याखाली घालायचं. याला संशोधन म्हणायचं की लॉटरी, हा प्रश्न त्या काळच्या लोकांनाही पडला असणार.

या किरणांनी बुरशी मरते किंवा बदलते त्याचं कारण काय तर पाऱ्याचा दिवा मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण देतो, आणि पेशीतलं डीएनए २६० च्या आसपासचे किरण सर्वांत जास्त शोषतं. हॉलंडर आणि एमन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवलं ते एका त्वचारोगाच्या, गजकर्णाच्या जातीच्या बुरशीवर: न्यूक्लिइक आम्ल जे किरण जास्त पितं, त्यांनीच बुरशीत जास्त बदल होतात. जनुकं डीएनएची असतात हे एव्हरी या शास्त्रज्ञाने सांगितलं ते त्यानंतर तीन वर्षांनी. उत्तर गजकर्णाने आधीच देऊन ठेवलं होतं, कुणी फारसं ऐकलं नाही. किरण बसला की डीएनएच्या धाग्यातले शेजारशेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात. ही गाठ सोडवताना पेशीची चूक झाली की वाण बदलतो. गाठ सुटलीच नाही तर पेशी मरते.

या कामाचा एक नियम नवख्या माणसाला जादूटोण्यासारखा वाटेल: दिव्याखालून काढलेली बशी लगेच अंधारात ठेवायची. तो आला स्ट्रेप्टोमायसिनच्या घरातून. १९४९ मध्ये आल्बर्ट केल्नर स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियस या जंतूवर हेच किरण सोडत होता. मेलेले म्हणून सोडून दिलेले बीजाणू काही वेळा पुन्हा उगवत, काही वेळा नाही. शेवटी लक्षात आलं की उजेडात राहिलेले जगतात. साध्या उजेडाच्या बळावर ती थायमिनची गाठ सोडवणारं विकर त्यांच्याकडे असतं. ते बेडकांकडे आहे, माशांकडे आहे, कांगारूकडेसुद्धा आहे. माणसाकडे मात्र नाही. आपण गाठीचा तुकडा कापून तिथे नवा धागा विणतो. त्याला वेळ लागतो, आणि ज्यांच्यात जन्मतःच ही कापाकापी नीट होत नाही त्या मुलांच्या त्वचेला उन्हाने लहानपणीच कर्करोग होतो. जेम्स क्लीव्हरने हा दोष १९६८ मध्ये ओळखला.

उन्हात २५४ चे किरण नसतात. ओझोन आणि हवा ते वरच्यावर गिळतात. म्हणजे खरबुजावरच्या त्या बुरशीच्या जवळच्या पूर्वजांनी असा किरण कधी पाहिलाच नव्हता. जमिनीवर पोचतात ते जास्त लांबीचे. त्यांच्यातल्या आखूड किरणांनी त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्यांनीच कातडी भाजते. पिंपरीत मे महिन्यात निरभ्र दुपारी जंबुपार निर्देशांक ११ च्या वर जातो, आणि ‘तीव्रतम’ हे सदर तिथूनच सुरू होतं. आखूड किरण हवेच असतील तर भोसरी एमआयडीसीत कोणत्याही वेल्डरच्या ठिणगीत भरपूर मिळतात. चष्म्याविना ठिणगीकडे बघणाऱ्याला तेव्हा काहीच कळत नाही. पाच-सात तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि घरातलं कुणीतरी बटाट्याच्या चकत्या कापायला बसतं.

पिंपरीचा या किरणांशी आणखी एक संबंध आहे. एच.ए.च्या प्रयोगशाळेत थिरुमलाचार या बुरशीशास्त्रज्ञाच्या गटाने १९६१ मध्ये बुरशीनाशक हॅमायसीन जगापुढे ठेवलं. नावातला ‘हॅ’ कंपनीच्या आद्याक्षरांतून आला. औषध देणाऱ्या जंतूचं नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना: शास्त्राच्या लॅटिन यादीत आपलं पिंपरी गाव असं बसलं आहे. हॅमायसीनच्या रेणूत सात दुहेरी बंध ओळीने येतात आणि असा रेणू ३६० ते ४०५ नॅनोमीटरच्या दरम्यानचे किरण तीन सुळक्यांत शोषतो. आलेखावर ते तीन सुळके दिसले की जाणकार ओळखतात, हे सात बंधांचं घराणं. तिकडे किरणांनी कूळ घडवलं, इकडे ओळखलं.

पेनिसिलिनच्या घराण्यात पुढे एक सोज्वळ सून आली. क्यू-१७६ भरपूर पेनिसिलिन देई, पण बरोबर पिवळा रंगही सोडी आणि तो औषधातून काढताना नाकी नऊ येत. विस्कॉन्सिनमध्येच पुन्हा जंबुपार किरण वापरून रंग न सोडणारा वाण मिळवला. त्याच कुळातल्या विस्कॉन्सिन ५४-१२५५ चा सगळा जनुकसंच २००८ मध्ये वाचून झाला.

इतक्या पिढ्या निवड होत आलेली ही बुरशी पेनिसिलिनखेरीज फारसं काही जाणत नाही. नुसती वाढवत राहिलं तर काही पिढ्यांत कमी देऊ लागते, जुन्या वळणावर जाते. खतावणीत नाव तेच राहतं, गुण उतरतो. म्हणून तिला वाळवून, काचेच्या बारीक कुपीत सीलबंद करून, थंडीत ठेवतात. नवा हंगाम सुरू करायचा असला की एक कुपी फोडायची, आणि उरलेल्यांना हात लावायचा नाही.